प्रसूतिकाळात बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवरील देखरेख

भालकी हे बिदर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील हा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात समाविष्ट झाला. सीमा बदलली तरी माणसांची नातीगोती बदलली नाहीत. भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांतील मराठी कुटुंबांच्या लेकी उदगीर, देगलूर, निलंगा या भागांत सासरी जातात आणि तिकडील मुली इकडे नांदावयास येतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे कित्येक गर्भवतींची तपासणी एका राज्यात होते, तर प्रसूती दुसऱ्या राज्यात. या भागातील बाळंतपणाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

प्रसूती दवाखान्यातच व्हावी, या प्रचारास आता चांगलेच यश आले आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार कर्नाटकातील सुमारे ९७ टक्के व महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांमध्ये झाल्या. तथापि स्त्री दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचली, एवढ्याने आपले काम संपत नाही. दारातून आत आल्यापासून बाळ रडेपर्यंतच्या तासांत तिच्याकडे कोण, किती वेळा व कसे लक्ष देते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे वीस लक्ष बालके मृतावस्थेत जन्मास येतात आणि त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक बालके प्रसूतिकळा सुरू झाल्यानंतर दगावतात. म्हणजे कळा सुरू झाल्या तेव्हा ही बाळे जिवंत होती. योग्य देखरेख व वेळेवर उपचार यांनी त्यांतील बहुसंख्य मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत. भारत सरकारने २०१४ मध्ये आखलेल्या नवजात बालक कृती आराखड्यात मृतजन्मांचे प्रमाण २०३० पर्यंत दर हजारी दहाच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठण्याच्या साधनांपैकी अगदी साधे, स्वस्त आणि तरीही वारंवार दुर्लक्षिले जाणारे साधन म्हणजे बाळाच्या हृदयाचे ठोके ठरावीक वेळाने ऐकणे. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

कळ आणि बाळाचा प्राणवायू

गर्भातील बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही. त्यास लागणारा प्राणवायू आईच्या रक्तातून, वार व नाळ यांच्या वाटे मिळतो. प्रत्येक कळेच्या वेळी गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि त्यांतून वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. कळेचा जोर असेतो वारेकडे येणारे रक्त कमी होते किंवा काही क्षण थांबते. तेवढा वेळ बाळ आपल्याजवळील साठ्यावर काढते. कळ ओसरली की रक्तप्रवाह पूर्ववत होतो आणि साठा पुन्हा भरून निघतो. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळास हा ताण सहज सोसतो. किंबहुना निसर्गाने त्यास त्यासाठीच तयार केलेले असते.

अडचण येते ती दोन कळांमधील विश्रांती अपुरी पडल्यास किंवा मुळातच साठा तुटपुंजा असल्यास. आईचा रक्तदाब वाढलेला असणे, अंगात रक्त कमी असणे, बाळाची वाढ खुंटलेली असणे, दिवस उलटून जाणे, वार सुटू लागणे, नाळ दाबली जाणे ही त्याची प्रमुख कारणे होत. अशा वेळी प्रत्येक कळेगणिक बाळाचा प्राणवायू थोडाथोडा कमी होत जातो. हृदय हे या बदलास सर्वांत आधी प्रतिसाद देणारे इंद्रिय असल्यामुळे ठोक्यांची गती बदलते. गर्भातील बाळ आपली अडचण दुसऱ्या कोणत्याही मार्गाने बाहेर कळवू शकत नाही, म्हणून ठोके ऐकण्यास एवढे महत्त्व आहे.

ऐकण्याची विद्या कशी वाढली

ही विद्या दोनशे वर्षांची आहे. जिनिव्हा येथील शल्यवैद्य फ्रान्स्वा मायोर यांनी गर्भवतीच्या पोटाला कान लावला असता बाळाचे ठोके ऐकू येतात, अशी नोंद १८१८ मध्ये झाली. त्यापूर्वी दोनच वर्षे, १८१६ मध्ये, फ्रान्समधील लेनेक यांनी स्टेथोस्कोपचा शोध लावला होता. त्यांचे सहकारी केर्गारादेक यांनी गर्भजलाचा खळखळाट ऐकू येतो की काय हे पाहण्यासाठी स्टेथोस्कोप पोटावर टेकविला, तेव्हा त्यांना जलद असे दुहेरी ठोके ऐकू आले. हे निरीक्षण त्यांनी १८२१ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडले. १८३३ मध्ये डब्लिन येथील इव्हरी केनेडी यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिनार या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांच्या नावाने ओळखली जाणारी शिंगाच्या आकाराची नळी प्रचारात आली. आपल्याकडील परिचारिका जिला ‘फीटोस्कोप’ म्हणतात, ती हीच. तिला वीज लागत नाही, घट लागत नाही आणि ती सहसा बिघडत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्युत्-उपकरणे आली. अमेरिकेत एडवर्ड हॉन, उरुग्वेमध्ये काल्देइरो-बार्सिया आणि जर्मनीत हामाखर यांच्या संशोधनातून ठोके व कळा यांचा आलेख कागदाच्या पट्टीवर सतत काढणारे यंत्र तयार झाले व १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आले. याच दशकात ध्वनिलहरींच्या साहाय्याने ठोके ऐकविणारे डॉप्लर यंत्रही विकसित झाले. आज ते हाताच्या मुठीत मावण्याइतके लहान झाले असून प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येते.

यंत्राने काय साधले

सतत आलेख काढणारे यंत्र आल्यावर प्रसूतीतील बालमृत्यू व मेंदूची इजा या दोहोंना आळा बसेल, अशी मोठी अपेक्षा होती. १९८५ मध्ये डब्लिन येथील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत १२,९६४ स्त्रियांचा समावेश होता. अर्ध्या स्त्रियांवर यंत्राने सतत लक्ष ठेवण्यात आले, तर उरलेल्या अर्ध्या स्त्रियांच्या बाळांचे ठोके परिचारिकांनी ठरावीक वेळाने कानाने ऐकले. यंत्राच्या गटात नवजात बाळांना झटके येण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी आढळले, हा लाभ खरा होता. परंतु मृत्यूंच्या संख्येत फरक पडला नाही आणि ज्या बाळांना झटके आले होते त्यांची चार वर्षांनी पाहणी केली असता मेंदूच्या कायमच्या इजेचे प्रमाणही दोन्ही गटांत सारखेच निघाले. पुढे २०१७ मध्ये १३ चाचण्यांतील ३७,००० हून अधिक स्त्रियांच्या माहितीचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्याचा निष्कर्षही तसाच होता. शिवाय सतत यंत्र लावलेल्या स्त्रियांत सिझेरियन शस्त्रक्रियेचे प्रमाण सुमारे दीडपटीहून अधिक होते.

डब्लिनच्या चाचणीतील एक गोष्ट मात्र वाचकांनी विसरू नये. तेथे प्रत्येक प्रसूत होणाऱ्या स्त्रीजवळ एक परिचारिका होती. कानाने ऐकण्याची पद्धत यंत्राच्या तोडीस तोड ठरली, ती ऐकणारी व्यक्ती खाटेजवळ हजर होती आणि नेमून दिलेल्या वेळी ऐकत होती म्हणून. रात्रीतून दोनदा येऊन ‘ठोके ठीक आहेत’ असे सांगून जाणे म्हणजे ती पद्धत नव्हे.

दुसरी उद्बोधक चाचणी १९९४ मध्ये झिंबाब्वेतील हरारे येथून प्रसिद्ध झाली. तेथील परिस्थिती आपल्याकडील गर्दीच्या रुग्णालयांशी अधिक मिळतीजुळती होती. १,२५५ स्त्रियांचे चार गट करण्यात आले. नित्याच्या पद्धतीने नळी लावून ऐकणाऱ्या परिचारिकांना ९ टक्के स्त्रियांच्या बाबतीत ठोक्यांतील बिघाड आढळला. त्याच नळीने, परंतु या कामासाठीच नेमलेल्या परिचारिकांनी ऐकले तेव्हा हे प्रमाण १५ टक्के झाले. हातातील डॉप्लर यंत्राने ते ३२ टक्के आणि सतत आलेख काढणाऱ्या यंत्राने ५४ टक्के निघाले. साधन तेच असूनही केवळ नेमस्तपणे ऐकल्यामुळे अधिक बिघाड सापडले, आणि साधे डॉप्लर यंत्र हाती दिल्यावर त्यात आणखी भर पडली. आलेख काढणाऱ्या यंत्राने टिपलेला प्रत्येक बिघाड मात्र बाळास खरोखरच धोकादायक असतो असे नाही. त्यातूनच अनावश्यक शस्त्रक्रिया उद्भवतात.

या सर्व अनुभवांचा विचार करून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट शिफारस केली आहे. निरोगी स्त्रीची प्रसूती नैसर्गिक रीतीने सुरू झाली असल्यास तिला सरसकट आलेखयंत्र लावू नये. डॉप्लर यंत्राने किंवा नळीने ठरावीक वेळाने ठोके ऐकावेत. रक्तदाब वाढलेला असणे, पूर्वीचे सिझेरियन, कळांसाठी औषध चालू असणे, गर्भजलात बाळाची शी मिसळलेली असणे अशा जोखमीच्या प्रसंगी आलेखयंत्राचा उपयोग आहे. मात्र तेथे आलेख वाचणारा जाणकार व शस्त्रक्रियेची सोय असावयास हवी. भालकीसारख्या तालुक्यात या शिफारशीस विशेष अर्थ आहे. महागडे यंत्र नाही म्हणून देखरेख शक्य नाही, ही सबब तिच्यामुळे उरत नाही.

केव्हा, किती वेळ व कसे ऐकावे

गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर प्रसूतीची पहिली अवस्था जोमात आली असे मानतात. तेव्हापासून दर १५ ते ३० मिनिटांनी ठोके ऐकावेत. तोंड पूर्ण उघडून स्त्रीला जोर करण्याची भावना होऊ लागली की दर ५ मिनिटांनी ऐकावेत. ही दुसरी अवस्था बाळाच्या दृष्टीने सर्वांत कठीण असते, कारण कळा लांबतात, विश्रांती कमी होते आणि डोक्यावर व नाळेवर दाब येतो. नेमक्या याच वेळी सर्वांचे लक्ष जोर करण्याकडे असल्यामुळे ऐकावयाचे राहून जाते.

ऐकण्याचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम पोट हाताने चाचपून बाळाची पाठ कोणत्या बाजूस आहे ते पाहावे, कारण ठोके पाठीच्या बाजूने स्पष्ट ऐकू येतात. बाळाचे डोके खाली असल्यास ठोके बेंबीच्या खाली, पाठीच्या बाजूस सापडतात. बाळ पायाळू असल्यास ते बेंबीच्या वर ऐकू येतात. प्रसूती पुढे सरकते तशी ही जागा खाली व मध्याकडे सरकते. दुसऱ्या हाताची बोटे आईच्या मनगटावर ठेवून तिची नाडी मोजावी. डॉप्लर यंत्र कधी कधी आईच्याच रक्तवाहिन्यांचा आवाज पकडते, आणि मग आईची नाडी बाळाचे ठोके म्हणून नोंदली जाते. दोन्ही गती वेगळ्या असल्याची खात्री करून घेतल्याखेरीज आकडा लिहू नये.

कळ चालू असताना ऐकण्यास सुरुवात करून कळ ओसरल्यानंतर निदान अर्धा मिनिट ऐकत राहावे, आणि एकूण किमान एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय सोडून द्यावी. धोक्याची खूण बहुधा कळ ओसरल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात असते, आणि घाईने मोजणाऱ्यास नेमकी तीच ऐकू येत नाही. स्त्रीस उताणी निजवून ठेवू नये. उताणे निजल्याने गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर पडतो, आईचा रक्तदाब उतरतो आणि बाळाकडे जाणारे रक्त कमी होते. कुशीवर निजलेल्या, बसलेल्या वा उभ्या स्त्रीचे ठोकेही डॉप्लर यंत्राने नीट ऐकता येतात.

ठोके काय सांगतात

बाळाच्या हृदयाची गती मिनिटास ११० ते १६० असणे स्वाभाविक मानले जाते. जुन्या पुस्तकांत व काही प्रशिक्षण पुस्तिकांत १२० ते १६० असा आकडा दिलेला आढळतो. गती १६० च्या वर टिकून राहिल्यास आईचा ताप, अंगातील पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग किंवा बाळाचा प्राणवायू कमी पडणे यांपैकी काही आहे काय, ते पाहावे. गती ११० च्या खाली असल्यास प्रथम ती आईची नाडी नाही ना, याची खात्री करावी आणि मग त्वरित उपाय सुरू करावेत.

सरासरी गती ठीक असूनही ठोक्यांचे चढउतार बोलके असतात. कळेबरोबर किंचित मंदावून कळेबरोबरच पूर्ववत होणारे ठोके बहुधा डोक्यावरील दाबामुळे असतात व ते चिंताजनक नसतात. परंतु कळ ओसरू लागल्यानंतर ठोके खाली जात असतील, सावकाश वर येत असतील आणि प्रत्येक कळेस हेच घडत असेल, तर बाळाचा साठा संपत आला आहे असे समजावे. एकदा असे आढळल्यास निघून न जाता पुढील निदान तीन कळांपर्यंत सलग ऐकावे. ठोके खाली जाऊन तीन मिनिटे झाली तरी वर येत नसतील, तर ती आणीबाणीच होय.

पाणमोट फुटल्यावर गर्भजलाचा रंग पाहणे हाही देखरेखीचा भाग आहे. स्वच्छ पाणी समाधानाचे. हिरवट वा दाट पाणी म्हणजे बाळाने पोटात शी केली आहे. ठोक्यांतील बिघाडाबरोबर असे पाणी दिसल्यास धोका अधिक समजावा.

बिघाड आढळल्यास

पहिल्या काही मिनिटांत करावयाच्या गोष्टी सोप्या आहेत, आणि परिचारिका त्या एकटीने करू शकते. स्त्रीस डाव्या कुशीवर वळवावे. कळांसाठी औषधाची बाटली चालू असल्यास ती ताबडतोब बंद करावी. आईची नाडी, रक्तदाब व ताप पाहावा, आणि अंगातील पाणी कमी झाले असल्यास शिरेतून सलाइन द्यावे. आतून तपासणी करून नाळ खाली उतरलेली नाही ना, हे पाहावे. नाळ उतरली असल्यास बाळाचे डोके हाताने वर उचलून धरावे, स्त्रीस गुडघे व छातीवर टेकून ओणवी ठेवावे आणि त्याच स्थितीत शस्त्रक्रियेच्या ठिकाणी न्यावे. आईला प्राणवायूचा मुखवटा लावण्याची प्रथा सर्वत्र आहे. तथापि आईच्या रक्तातील प्राणवायू पुरेसा असताना त्याचा बाळास लाभ होतो असे संशोधनात आढळलेले नाही. मुखवटा लावून वाट पाहत बसणे म्हणजे वेळ दवडणे होय.

एवढे करूनही ठोके सुधारले नाहीत, तर निर्णय घ्यावयाचा तो बाळ लवकर जन्मास आणण्याचा. तोंड पूर्ण उघडलेले व डोके खाली उतरलेले असल्यास व्हॅक्यूमने प्रसूती करता येते. अन्यथा सिझेरियनची सोय असलेल्या ठिकाणी हलविणे भाग आहे. जन्मलेले बाळ रडले नाही, तर पहिल्या मिनिटातच पिशवी व मुखवट्याने श्वास द्यावयाची तयारी आधीपासून हवी. २००९ पासून राबविल्या जाणाऱ्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात हेच शिक्षण दिले जाते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात खेड्यातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केले. न रडणाऱ्या बाळास अशा साधनाने श्वास देण्याचे काम त्यांनी घरोघरी केले. योग्य शिक्षण मिळाल्यास साध्या साधनाने काय साधते, याचे हे आपल्याच भाषेच्या प्रदेशातील उदाहरण आहे.

भालकीतील अर्धा तास

भालकीहून बिदर सुमारे ४० किलोमीटर आहे. २००७ मध्ये स्थापन झालेली बिदर वैद्यकीय विज्ञान संस्था तेथेच आहे. खेड्यातील केंद्रातून भालकीपर्यंतचे अंतर त्याआधी काटावयाचे असते. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की पुलाच्या अलीकडे थांबावे लागते. अशा ठिकाणी अर्धा तास आधी कळणे व अर्धा तास उशिरा कळणे यांत बाळाच्या जिवाचा फरक पडू शकतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री ११ वाजता पहिलटकरीण दाखल झाली. तोंड पाच सेंटिमीटर उघडलेले, ठोके १४०. साडेअकरास १४४, बारा वाजता १३८. साडेबारास कळ ओसरल्यावर ठोके १०० पर्यंत उतरले आणि वर यावयास जवळजवळ एक मिनिट लागला. परिचारिका तेथेच थांबली. स्त्रीस डाव्या कुशीवर वळविले, नाडी पाहिली, ती ८८ होती. पाणमोट फुटलेली असून पाणी हिरवट होते. आतील तपासणीत नाळ उतरलेली नव्हती व तोंड सहा सेंटिमीटर उघडलेले होते. पुढील दोन कळांनंतरही ठोके तसेच उतरले. पाऊण वाजता रुग्णवाहिकेस व पुढील रुग्णालयास दूरध्वनी गेले. आता याच रात्री तिने अकरानंतर एकदम पहाटे तीन वाजता ठोके ऐकले असते, तर काय आढळले असते, याचा विचार वाचकांनीच करावा. दोन्ही प्रसंगी साधन तेच, माणूस तोच आणि दवाखानाही तोच आहे. फरक आहे तो फक्त वेळेवर ऐकण्याचा.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा कर्नाटकात २००८ पासून व महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय संस्थेतील प्रसूती, आवश्यक असल्यास सिझेरियन, औषधे आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेणे ही सर्व सेवा विनामूल्य आहे. पैशाची जुळवाजुळव करण्यासाठी घरच्यांनी वेळ घालवू नये, म्हणून ही माहिती त्यांना आधीच द्यावी.

नोंद आणि भाषा

ऐकलेले लिहून ठेवले नाही, तर पुढे येणाऱ्या परिचारिकेस किंवा डॉक्टरास त्याचा उपयोग होत नाही. १९५४ मध्ये फ्रीडमन यांनी प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख प्रथम मांडला. पुढे १९७२ मध्ये आजच्या झिंबाब्वेमध्ये काम करणाऱ्या फिल्पॉट व कॅसल यांनी त्यास, अडलेल्या बाळंतिणीस वेळेवर हलविण्यासाठीचे व्यवहारोपयोगी रूप दिले. आपल्याकडील पार्टोग्राफ हा त्याचाच वारसा होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत बाळाचे ठोके ११० च्या खाली किंवा १६० व त्याहून वर गेल्यास त्या आकड्याभोवती वर्तुळ करावयाचे असते. प्रसूती आटोपल्यावर एका बैठकीत भरलेला आलेख म्हणजे केवळ कागद होय. त्याने कोणाचाही जीव वाचत नाही.

सीमाभागात नोंदीस आणखी एक महत्त्व आहे. कर्नाटकात गर्भवतीस मिळणारे ‘तायी कार्ड’ कन्नडमध्ये असते, तर महाराष्ट्रातील माता व बाल संरक्षण कार्ड मराठीत. माहेरी आलेल्या मुलीचे कार्ड सासरीच राहिले किंवा समोरच्यास वाचता आले नाही, तर तिचा वाढलेला रक्तदाब वा कमी असलेले रक्त कोणासही कळत नाही, आणि जोखमीची प्रसूती साधी समजली जाते. म्हणून कार्ड बरोबर आणण्याविषयी आशा कार्यकर्तीने सातव्या महिन्यापासूनच सांगत राहावे. रुग्ण पुढे पाठविताना चिठ्ठीवर ठोक्यांचे आकडे, ते ऐकल्याची वेळ, पाण्याचा रंग व दिलेली औषधे ठळकपणे लिहावीत. मराठी, कन्नड, उर्दू वा लमाणी, जी भाषा स्त्रीची असेल, तीत तिला काय चालले आहे ते समजावून सांगणे हेही परिचारिकेचे काम आहे. बाळाचे ठोके तिला ऐकवावेत. भ्यालेल्या स्त्रीला त्याने धीर येतो.

कळा वाढविणारे इंजेक्शन

बाळंतपण लवकर व्हावे म्हणून कळांचे इंजेक्शन देण्याचा आग्रह घरची मंडळी पुष्कळदा करतात, आणि तो पुरविणारेही भेटतात. बाळ जन्मण्यापूर्वी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन स्नायूत देणे अत्यंत धोक्याचे आहे. शिरेतून थेंबाथेंबाने दिलेले औषध बंद करता येते. स्नायूत गेलेले परत घेता येत नाही. कळा एकीस एक लागून येतात, विश्रांती उरत नाही, बाळाचा साठा संपतो, आणि प्रसंगी गर्भाशय फाटून आईचाही जीव जातो. बाळ जन्मल्यानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून हेच औषध स्नायूत देतात, ते योग्य व आवश्यक आहे. हा फरक प्रत्येक घरास माहीत असावा.

घरच्या मंडळींनी काय करावे

सासू, आई वा जाऊ यांपैकी एकीला प्रसूतीच्या वेळी सोबत थांबू द्यावे, असा आता धोरणाचाच भाग आहे. सोबत थांबलेल्या स्त्रीने ‘बाळाचे ठोके पाहिले का? किती आहेत?’ असे विचारण्यात काही गैर नाही. परिचारिकेनेही तो प्रश्न अपमान मानू नये. बाळाची हालचाल कमी वाटणे, अंगावरून हिरवट पाणी वा रक्त जाणे, दोन कळांमध्ये पोट सैल न पडणे ही लक्षणे दिसताच लगेच सांगावे. दुसऱ्या रुग्णालयात हलविण्याचा सल्ला मिळाल्यास वडीलधाऱ्यांच्या येण्याची वाट पाहू नये. तसेच प्रत्येक बाळंतपणात सिझेरियन करणे हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात देशातील २१.५ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, आणि खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. ज्या बाळास गरज आहे, त्याच्यासाठी शस्त्रक्रिया वेळेवर व्हावी, आणि ज्यास नाही, त्याच्या आईवर ती लादली जाऊ नये. या दोन्ही गोष्टी ठोक्यांच्या नेमक्या नोंदीवरच अवलंबून आहेत.

शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहांच्या दर्जावर भर दिला आहे. पण त्या दर्जाची कसोटी अखेर रात्रीच्या पाळीत, एका खाटेजवळ लागत असते. एका परिचारिकेकडे एकाच वेळी अनेक स्त्रिया असल्यास दर अर्ध्या तासाने ऐकणे तिला अशक्य होते. म्हणून पाळीतील मनुष्यबळ पुरेसे ठेवणे, डॉप्लर यंत्राची बॅटरी व जोडीला एक फीटोस्कोप तयार ठेवणे आणि भिंतीवर चालू घड्याळ असणे, याची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची आहे. या साध्या गोष्टी सांभाळल्या, तर माहेरी आलेली लेक बाळ कुशीत घेऊन सासरी जाईल. तालुक्यातील प्रत्येक प्रसूतिगृहाने आजच्या रात्रीपासून हा परिपाठ ठेवावा, अशी अपेक्षा आहे.